शिवाजीनगरची मेरीमाता

वाचकहो, परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानी एखादे ओळखीचे नाव पडले, की घरचे कोणी भेटल्यासारखे त्याला वाटते. बेंगळुरूत असे एक नाव आहे, शिवाजीनगर. शहराच्या जुन्या छावणीतील ही वस्ती. बसच्या पाटीवर ते नाव वाचून आपण मोठ्या उत्सुकतेने तेथे उतरावे, तो समोर काय दिसते? रसेल मार्केटची लांबलचक इमारत, फळाफुलांचे ढीग, कापडाची दुकाने, मशिदीचे मिनार, आणि या साऱ्या गजबजाटाच्या वर आभाळात शिरलेला एका चर्चचा निमुळता मनोरा. हे चर्च म्हणजे सेंट मेरीज बॅसिलिका. शहरातील अत्यंत जुन्या ख्रिस्ती देवस्थानांत तिची गणना होते.

माझ्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे येतात, तेव्हा हा मनोरा पाहून ते एक प्रश्न हमखास विचारतात. “शिवाजीनगरात एवढे मोठे चर्च कसे?” प्रश्नात वैरभाव नसतो, असते ते निखळ आश्चर्य. नाव आपले, मग देऊळ दुसऱ्याचे कसे, असा त्या आश्चर्याचा अर्थ. या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, हे मला अनुभवाने कळले आहे. म्हणून आज ते सविस्तर आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्या नावाची हकीकत पाहू. १६३८ साली विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि शहाजीराजे भोसले यांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतले, आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शिवाजीराजे बालपणी जिजाऊसाहेबांसह काही काळ येथे राहून गेले. शहाजीराजांच्या मागे ही जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. मल्लेश्वरम् येथील मल्लिकार्जुनाच्या देवस्थानास त्यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला आपली गादी स्थापली, आणि १६८७ च्या धामधुमीत बेंगळुरू मोगलांच्या हातून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. म्हणजे या शहरावर मराठ्यांचा अंमल जवळजवळ ५० वर्षे होता. जुन्या पेठांतील भावसार क्षत्रियांच्या घरांतून आजही मराठी ऐकू येते.

परंतु त्या काळचे बेंगळुरू म्हणजे किल्ला आणि त्याला लागून असलेली पेठ. आजचे शिवाजीनगर त्या तटबंदीबाहेर दूर होते. तेथे भातशेती होत असे, आणि पांढऱ्या तांदळावरून त्या खेड्याला कन्नडमध्ये ‘बिळी अक्की पळ्ळी’ म्हणत, असे सांगतात. ‘बिळी’ म्हणजे पांढरा, ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘ब्लॅकपल्ली’ झाले. पांढऱ्याचे काळे होण्याची ही गंमत पाहून हसू येते. ब्लॅकिस्टन नावाच्या एका लष्करी अभियंत्याच्या नावाशीही काही जण या नावाचा संबंध जोडतात. पुढे याच भागाला शिवाजीनगर हे नाव मिळाले.

या भातशेतीच्या गावी काही तमिळ ख्रिस्ती कुटुंबे येऊन राहिली. ती कोठून आली? चर्चची परंपरा सांगते, जिंजीहून. वाचकहो, हे नाव मराठी माणसाला काय परके आहे? १६७७ साली दक्षिण दिग्विजयात महाराजांनी घेतलेला तो किल्ला. रायगड शत्रूच्या हाती गेला, तेव्हा राजाराममहाराजांनी १६९८ पर्यंत ज्याच्या आश्रयाने स्वराज्याचा दीप तेवत ठेवला, तोच हा किल्ला. त्या मुलखाने लढाया आणि वेढे किती पाहिले, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे. तेथील साध्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांपैकी काही जण बिऱ्हाड पाठीवर घेऊन बेंगळुरूच्या वाटेला लागले. ज्या जिंजीशी आपण छत्रपतींचे नाव जोडतो, त्याच जिंजीच्या लोकांनी आजच्या शिवाजीनगरात मेरीमातेचे देऊळ उभारले. दोन धागे इतक्या जवळून जातात, आणि पाहुण्याला ते दोन टोके वाटतात!

त्या कुटुंबांच्या प्रार्थनास्थळाचे नाव ‘काणिक्कै माता कोविल’ असे होते. ‘काणिक्कै’ हा तमिळ शब्द. कन्नडमध्ये त्याचेच रूप ‘काणिके’. अर्थ एकच, देवाला वाहिलेली भेट. बाळ येशूला जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी देवाच्या चरणी अर्पण करण्यासाठी यरुशलेमच्या मंदिरात नेणारी मेरी ती काणिक्कै माता. ‘कोविल’ म्हणजे देऊळ. आपल्या वसईचे ख्रिस्ती बांधव चर्चला देऊळच म्हणतात, हे आपणास ठाऊक असेल. धर्म दूरदेशाहून आला, तरी देवाच्या घराचे नाव माणसे आपल्या बोलीतूनच घेतात.

या लहानशा समाजाच्या इतिहासात एक विलक्षण फ्रेंच माणूस येतो. त्याचे नाव आबे दुब्वा. पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचा हा तरुण धर्मगुरू फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात, १७९२ साली, मायदेश सोडून हिंदुस्थानात आला. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर श्रीरंगपट्टण व त्याभोवतालच्या विस्कळीत ख्रिस्ती समाजाची घडी बसविण्याचे काम त्याच्याकडे आले. त्या वेळी म्हैसूर प्रांतातील इंग्रज फौजेचा अधिकारी आर्थर वेलस्ली याने त्याला पाचारण केले होते. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला, तोच हा वेलस्ली.

दुब्वाने युरोपीय पोशाख टाकला, अंगरखा व फेटा घातला, मांसाहार वर्ज्य केला आणि देशी लोकांत देशी माणसाप्रमाणे तीस-एक वर्षे काढली. हासनजवळील सतहळ्ळी येथे त्याने निराधारांसाठी शेतीची वसाहत उभी केली. देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडण्याचा तो काळ. १८०२ साली मुंबईत एका लहान मुलीला देशातील पहिली लस टोचली गेली. त्यानंतर थोड्याच काळात दुब्वा म्हैसूरच्या खेड्यापाड्यांतून लस टोचण्याचा प्रसार करीत हिंडू लागला. लोक अनोळखी औषधाला भीत; पण फेटा बांधलेल्या, आपली भाषा बोलणाऱ्या स्वामींचा शब्द ते मानीत.

हिंदूंच्या चालीरीतींवरील त्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतले, आणि १८१६ साली ते इंग्रजीत छापले गेले. त्यातील बराच मजकूर केर्दू नावाच्या आधीच्या जेझुइट धर्मगुरूच्या लिखाणावरून घेतला होता, असे सिल्विया मूर या फ्रेंच विदुषीने १९८७ साली सप्रमाण दाखविले. म्हणजे ग्रंथकार या नात्याने दुब्वाची कीर्ती आता पूर्वीइतकी निर्मळ राहिलेली नाही. लस टोचून घेऊन जगलेल्या लेकरांना मात्र त्या ग्रंथाशी काही कर्तव्य नव्हते. १८२३ साली तो फ्रान्सला परतला आणि १८४८ मध्ये तेथेच वारला.

या दुब्वाने १८०३ च्या सुमारास ब्लॅकपल्लीत गवती छपराचे छोटे प्रार्थनामंदिर बांधले, आणि १८११ च्या आसपास त्या जागी लहानसे चर्च उभे राहिले. पुढे पाँडिचेरीचे देशी धर्मगुरू फादर आंद्रेयास यांनी ते वाढवून क्रुसाच्या आकाराचे केले. या सुमारास आजूबाजूचे जग झपाट्याने बदलत होते. १८०९ साली इंग्रजांची छावणी येथे वसली. पलटणी आल्या, पाठोपाठ तमिळ मुलखातून शिपाई, मुकादम, गवंडी, धोबी, आचारी, घोड्यांचे मोतद्दार आले. भाताच्या शेतांवर बाजार उभा राहिला.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. छावणीतील अनेक प्रसिद्ध चर्चे गोऱ्या पलटणींसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी बांधली गेली. १८१२ मधील सेंट मार्क्स, १८५२ मधील होली ट्रिनिटी, १८६६ मधील सेंट अँड्र्यूज ही त्यांपैकी काही. रुंद रस्ते, हिरवळी आणि शांतता यांच्या मध्ये ती उभी आहेत. होली ट्रिनिटीच्या भिंतींवर दूरदेशी मेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्मरणशिला वाचताना मन उदास होते. सेंट मेरीजच्या वाट्याला हिरवळ आली नाही. ते बाजारातले देऊळ. त्याचे भाविक छावणीची ओझी वाहणारे, तिचे कपडे धुणारे, तिच्या चुली पेटविणारे लोक होते. साहेब गेले, तेव्हा साहेबांच्या चर्चांना नवा समाज शोधावा लागला. बाजारातल्या देवळाला मात्र आपला समाज कधीच शोधावा लागला नाही.

आज जी वास्तू दिसते, ती फादर क्लायनर या फ्रेंच धर्मगुरूंनी उभारली. पुढे हेच क्लायनर म्हैसूरचे बिशप झाले. ८ सप्टेंबर १८८२ रोजी, मेरीमातेच्या जन्मदिनाच्या सणाला, बिशप कोआदू यांनी या नव्या चर्चचे पवित्रीकरण केले. वास्तूची शैली गॉथिक आहे. या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. आपल्या नित्याच्या अनुभवावरून ती सहज समजते.

आपली हेमाडपंती देवळे आठवा. दोन खांब, त्यांवर आडवी तुळई, तिच्यावर दगडांचे थर, अशी ती रचना. दगडाची तुळई फार लांब ठेवता येत नाही, ती मोडते. म्हणून खांब जवळजवळ येतात आणि सभामंडपात गार, गूढ काळोख भरून राहतो. त्या काळोखातच आपल्याला देव भेटतो. युरोपातील जुनी चर्चे अर्धगोल कमानींवर उभी होती. अर्धगोल कमान वरचे ओझे खाली सोडते तशीच बाजूलाही रेटते, आणि तो रेटा झेलावयास भिंती जाडजूड कराव्या लागतात. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट डेनिस येथील कारागिरांनी कमानीला वर टोक दिले, छताला दगडी फासळ्यांचा आधार दिला, आणि रेटा झेलण्याचे काम बाहेरच्या धिऱ्यांकडे सोपविले. टोकदार कमान ओझे अधिक सरळ खाली उतरविते. भिंतीवरचा भार हलका झाला, तशी तिला मोठमोठ्या खिडक्या पाडता आल्या, आणि दगडाच्या घरात प्रकाश शिरला. १८८२ च्या या चर्चने गॉथिकचे ते रूप घेतले. टोकदार कमानी, उंच आतले दालन, अनेक खणांच्या उभट खिडक्या, आणि सुमारे १६० फूट उंचीचा मनोरा. आत पाऊल टाकताच दृष्टी आपोआप वर जाते. ती तशी जावी, हाच त्या रचनेचा हेतू आहे.

आता या टोकदार कमानीची कुळकथा ऐका. फ्रान्समध्ये ती नावारूपास आली खरी, पण तिचे माहेर पूर्वेकडे असावे. पश्चिम आशियातील मशिदींतून आणि राजवाड्यांतून ती आधीपासून रूढ होती, आणि तेथूनच ती युरोपला गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. तीच कमान दुसऱ्या वाटेने दख्खनमध्ये आली. विजापूरचा गोलघुमट, आदिलशाहीच्या मशिदी, वाड्यांची प्रवेशद्वारे यांत ती जागोजाग दिसते. शहाजीराजांनी ज्या दरबाराची चाकरी केली, त्या दरबारच्या इमारतींवर हीच कमान होती. शिवाजीनगरात चर्चच्या दाराशी उभे राहून मी ती कमान पाहतो, तेव्हा हिला फ्रेंच म्हणावे, अरबी म्हणावे की दख्खनी, असा प्रश्न पडतो. जिला आपण परकी म्हणून बोट दाखवावे, ती स्वतःच किती घरे फिरून आली आहे!

खिडक्यांतील रंगीत काचा पॅरिसहून आलेल्या आहेत. अशी खिडकी म्हणजे काचेवर काढलेले साधे चित्र नव्हे. रंग काचेच्या रसातच मिसळलेला असतो. मग आकृतीप्रमाणे तुकडे कापून ते शिशाच्या खाचेदार पट्ट्यांनी एकमेकांस जोडतात, आणि वाऱ्याने खिडकी वाकू नये म्हणून लोखंडी सळ्यांचा आधार देतात. बाहेरून पाहिले तर सारे काळपट दिसते. आत गेल्यावाचून रंग उमलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात या काचा काढून सुरक्षित ठेवण्यात आल्या. ही खबरदारी अनाठायी नव्हती. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम् व काकिनाडा येथे जपानी बाँब पडले होते, आणि बेंगळुरू तर विमानांचा कारखाना असलेले मोठे लष्करी ठाणे होते. युद्ध संपले, आणि १९४७ साली काचा पुन्हा आपल्या जागी बसविण्यात आल्या. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि ही छावणीही म्हैसूर संस्थानाच्या स्वाधीन झाली. ज्यांनी ती खिडकी पहिल्यांदा पुन्हा उजळलेली पाहिली असेल, त्यांच्या मनात काय आले असेल?

या देवळाच्या भक्तीला एक दुःखाची किनारही आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढच्या वर्षी पुण्यात आला, आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूला पोहोचला. त्या दिवसांच्या कथा महाराष्ट्रातील अनेक घरांत आजी-आजोबांकडून आलेल्या आहेत. सामान उन्हात टाकून गावाबाहेर झोपड्यांत राहणे, रिकामी घरे, न विझणाऱ्या चिता. बेंगळुरूतही तेच घडले. दाट वस्त्या सोडून लोक मोकळ्या जागी गेले, मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी हे नवे भाग वाढले. भयभीत माणसे देवीकडे धावली, आणि शहरात ‘प्लेग-अम्मा’ची लहान देवळे उभी राहिली, त्यांतील काही आजही आहेत. शिवाजीनगरच्या माउलीलाही लोक आरोग्याची माता म्हणून आळवितात. आजारी लेकरू पदराखाली घेऊन आलेली आई कोणत्या दारी गेली, हे तिच्या धर्मावरून नेहमीच सांगता येत नाही.

हे पाहावयाचे असेल, तर ऑगस्टच्या अखेरीस येथे यावे. २९ ऑगस्टला ध्वज चढतो, मग नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना चालते, आणि ८ सप्टेंबरला मातेचा सण होतो. बहुधा हे दिवस आपल्या गणेशोत्सवाच्या आगेमागे येतात, आणि नऊ दिवसांचा नेम पाहून नवरात्राची आठवण होते. प्रार्थना तमिळमध्ये होते, कन्नडमध्ये होते, इंग्रजीतही होते. अनेक भाविक नवसाने भगवी वस्त्रे नेसून आलेले असतात. गर्दीत हिजाब घातलेल्या स्त्रिया दिसतात, कुंकू लावलेल्या दिसतात. मेणबत्त्यांचा उबट वास आणि बाजारातील मोगऱ्याचा सुगंध एकमेकांत मिसळलेला असतो. सायंकाळी मातेची मूर्ती रथात बसून नगरप्रदक्षिणेला निघते.

आणि ती मूर्ती कशी असते? वाचकहो, ती साडी नेसलेली असते. फ्रेंच गुरूंच्या या गॉथिक देवळात, पॅरिसच्या काचांतून येणाऱ्या उजेडात, मेरीमाता दक्षिणेकडील सुवासिनीप्रमाणे जरीची साडी नेसून, बाळाला कडेवर घेऊन उभी असते. ती साडी कोणा कलावंताने विचारपूर्वक योजलेली नव्हे. ती भाविक स्त्रियांची काणिक्कै आहे. आपल्याकडे अंबाबाईची ओटी भरताना जो हात पुढे होतो, तसाच तो हात. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवलाचे वाटणार नाही. तीही याच ८ सप्टेंबरच्या सणाची जत्रा. तेथील सध्याचे चर्च १९०४ मधील, आणि त्याचा आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुकाराचा. तेथेही सर्व धर्मांचे लोक मेणबत्ती लावतात.

१९७३ साली पोप सहावे पॉल यांनी सेंट मेरीजला लघु बॅसिलिकेचा दर्जा दिला. कर्नाटकात हा मान मिळालेले हे पहिले चर्च. बॅसिलिका हा शब्द मूळचा रोमन लोकांचा. जेथे न्यायनिवाडा होई, व्यापारी सौदे ठरत आणि चार लोक जमत, अशा मोठ्या सार्वजनिक दालनाला ते बॅसिलिका म्हणत. बाजाराच्या मध्यभागी असलेल्या या देवळाला तो शब्द किती शोभतो! या मानाची एक खूण म्हणजे रेशमी छत्र. मराठी मनाला छत्राचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

येथवर वाचलेत, म्हणजे पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपणच देऊ शकाल. तरीही तो प्रश्न केवळ माझ्या घरच्या गप्पांपुरता उरलेला नाही. २०२५ साली येथील भुयारी मेट्रो-स्थानकाला मेरीमातेचे नाव द्यावे, अशी सूचना सणाच्या दिवशीच पुढे आली. तिचे पडसाद महाराष्ट्रात उमटले, आणि महाराजांच्या नावाबद्दल अनेकांची मने हळवी झाली. तो हळवेपणा मी समजू शकतो. तो माझ्याही रक्तात आहे. परगावी राहणाऱ्याला तर नावाची माया अधिकच असते, कारण त्याच्याजवळ पुष्कळदा नावाशिवाय दुसरे काही उरलेले नसते. स्थानकाची पाटी कशी असावी, याचा निर्णय त्या कामी नेमलेली माणसे करतील. मला चिंता वाटते ती निराळीच. नावाच्या भांडणात, ही दोन नावे एकमेकांची वैरी आहेत, असा समज आपल्या मुलांच्या मनात घर करून बसू नये.

कारण या भूमीचा इतिहास तसे सांगत नाही. भातशेतीचे कन्नड नाव, साहेबाने मोडलेले त्याचे रूप, जिंजीच्या लोकांनी आणलेले मातेचे नाव आणि सर्वांच्या वर आलेले आपल्या राजाचे नाव, ही सारी या मातीने पोटात घेतली. स्वराज्यात परधर्माच्या देवस्थानांना उपद्रव देऊ नये, ही महाराजांची शिस्त त्यांच्या विरोधकांनीही नमूद करून ठेवली आहे. त्या राजाचे नाव असलेल्या वस्तीत मेरीमातेचा रथ निर्विघ्नपणे फिरतो, यात त्या नावाला उणेपणा कसला?

आणि आपणही येथे कोण आहोत? शहाजीराजांबरोबर आलेली माणसे बाहेरची होती. जिंजीची कुटुंबे बाहेरची, दुब्वा तर साता समुद्रांपलीकडचा. आज विमान-कारखान्यात, प्रयोगशाळांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत काम करावयास आलेले आम्ही मराठी लोकही बाहेरचेच. एखाद्या गावाने आपल्याला केव्हा आपले म्हणावे? आपण आधी कोठून आलो, हे पाहून ते ठरत नसावे. गवती छपराच्या देवळाने आपली ओळख गावाला दिली ती देवीची लस टोचून, आजाऱ्याची विचारपूस करून, आणि दार कोणासाठीही न लावता. त्यानंतर गावाने तिच्या मूर्तीला साडी नेसविली. काणिक्कै दोन्ही बाजूंनी दिली जाते, तेव्हा परके घर आपले होते.

आपण कधी बेंगळुरूस आलात, तर शिवाजीनगरास अवश्य जा. नाव वाचून अभिमानाने जा. सकाळची वेळ निवडा. ऊन तिरपे असते, आणि रंगीत काचांचा उजेड आतल्या फरशीवर उतरलेला असतो. बाहेर रसेल मार्केटमधील फूलवालीकडून मोगऱ्याचा एक गजरा घ्या. ती आपल्याशी कन्नड, तमिळ, उर्दू यांपैकी कोणत्याही भाषेत बोलेल. गजरा कोणत्या देवळासाठी, हे ती विचारणार नाही.